पावसाळ्यात खाडीच्या मुखाशी गरवताना: पाणी, वेळ, होडी आणि सामान

खाडीकाठ

पावसाळी मासेमारीची चर्चा बहुतेक वेळा ल्युअरच्या (नकली आमिषाच्या) रंगावर येऊन अडकते. हा धागा पाण्यापासून सुरू करतो, कारण उष्ण कटिबंधातल्या किनाऱ्यावर या मोसमात मासा कुठे उभा आहे हे पाऊस आणि ओहोटी मिळून ठरवतात. डोळ्यांसमोर सहल अशी ठेवा: साडेचार मीटरची उघडी होडी, एक आउटबोर्ड (होडीच्या मागे बाहेरून लावलेलं इंजिन), दोघे किंवा तिघे, खाडी आणि तिचं मुख. धरायचे ते जिताडा, तांब आणि रावस. खोल समुद्राचा विषय इथे नको.

मासे पाऊस कोसळत असताना लागत नाहीत, पाणी उतरायला लागलं की लागतात. जोराच्या पावसात कांदळवनाच्या मागची सखल जमीन, दलदल, गवताळ मैदानं पाण्याखाली जातात. बोईची पिल्लं, कोळंबी, बेडूक, किडे सगळे त्या उथळ पाण्यात पसरतात आणि मोठा मासाही त्यांच्यामागे पसरतो. तेव्हा कितीही फेका, गळासमोर मासा नसतो. पाऊस उघडला, पाणी ओसरायला लागलं की हे सगळं खाद्य अरुंद नाल्यांतून खाडीत परततं. जिताडा त्या नाल्यांच्या तोंडाशी वाट बघत असतो. म्हणून तारीख ठरवताना पावसाचा अंदाज बघाच, पण त्याहून जास्त बघा मागच्या आठवड्यात किती पडला आणि आता उघडलाय का. पाणलोट लहान असेल तर तीन-चार दिवसांत पाणी उतरायला लागतं. मोठ्या नदीच्या मुखाशी हाच प्रकार कित्येक आठवडे चालतो.

भरती-ओहोटीचं गणित, होडीची सुरक्षितता आणि सामान यावर जाणकारांनी सविस्तर लिहावं.

भांगउधाण

भरतीचा तक्ता कोरड्या मोसमात जितका खरा ठरतो तितका पावसाळ्यात ठरत नाही. याची तीन कारणं आहेत.

एक, हवेचा दाब. दाब १ हेक्टोपास्कलने उतरला की समुद्राची पातळी साधारण १ सेंटिमीटरने चढते. कमी दाबाचा पट्टा किनाऱ्यावर असेल आणि दाब नेहमीपेक्षा १५ हेक्टोपास्कल खाली असेल, तर तक्त्यातल्या आकड्यावर १५ सेंमी तिथेच चढले. त्यावर किनाऱ्याकडे येणारा वारा पाणी आणखी चढवतो.

दोन, नदीचा लोंढा. वरून गोडं पाणी येत असलं की ओहोटी लांबते आणि भरती आखडते. खाडीत आत गेलात तर तक्त्यात भरती सुरू होऊन तास झाला तरी समोरचं पाणी बाहेरच धावताना दिसतं. मुखापासून जितकं आत, तितका उशीर जास्त. तो फरक दर खाडीचा वेगळा असतो, त्यामुळे काठावरच्या एखाद्या खांबावर किंवा खडकावर पाण्याची खूण धरून आपल्या खाडीची नोंद आपणच ठेवायची.

तीन, दोन थर. समुद्राच्या पाण्यात किलोमागे सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतो, त्यामुळे ते जड. गोडं पाणी त्याच्यावर तरंगतं. वर चहासारखं गढूळ पाणी बाहेर धावत असतं आणि खाली खारं पाणी पाचरीसारखं आत शिरत असतं. वरचा प्रवाह बघून "अजून ओहोटी आहे" असं म्हणावं, तर तळाशी भरती केव्हाच लागलेली असते. शिसं तळाला लावून दोरीचा कल बघा. वरचा कचरा एकीकडे आणि दोरी दुसरीकडे ओढली जात असेल, तर थर सुटे आहेत आणि मासा खालच्या थरात आहे.

ओहोटीचा वेग सारखा नसतो. सहा तासांच्या ओहोटीत पहिल्या तासात एकूण उताराचा बारावा भाग, दुसऱ्यात दोन, तिसऱ्या-चौथ्यात तीन-तीन, पाचव्यात दोन, सहाव्यात एक असा ढोबळ हिशोब धरतात. उतार ३ मीटरचा असेल तर पहिल्या तासात २५ सेंमी, पण तिसऱ्या आणि चौथ्या तासात प्रत्येकी ७५ सेंमी. त्या दोन तासांत होडी धरून ठेवणं आणि आमिष जागेवर ठेवणं दोन्ही अवघड. शेवटच्या दोन तासांत ओढ कमी होते, सखल जमीन रिकामी होते आणि उरलेलं पाणी मोजक्या नाल्यांतून येतं. गळ टाकायचा तो तेव्हा.

दिवस निवडताना मी उधाण (अमावस्या-पौर्णिमेच्या सुमाराची मोठी भरती-ओहोटी) संपून भांगाकडे (अष्टमीच्या सुमाराच्या लहान भरती-ओहोटीकडे) उतरणारे दिवस घेतो. उधाणाच्या भरतीत पाणी कांदळवनात खोलवर जातं. पुढे रोज भरती थोडी खाली थांबते, लहान माशांना झाडांच्या मुळांत परत जाता येत नाही आणि ते खाडीच्या कडेला उघडे पडतात. ऐन भांगाला पाणी निवळतं खरं, पण नाले पुरेसे वाहत नाहीत. भरतीची वेळ रोज सुमारे ५० मिनिटांनी पुढे सरकते, तेव्हा शेवटची ओहोटी उजेडात कोणत्या दिवसांत येते हे आठवडाभर आधी काढता येतं.

तंगूस

भांगउधाण यांचं गणित मोठ्या भरतीच्या किनाऱ्याला लागू आहे. उत्तर ऑस्ट्रेलियात डार्विनला उधाणाचा फरक ७ मीटरच्या वर जातो, तिथे ओहोटी हेच घड्याळ. पण उष्ण कटिबंधात असेही पुष्कळ किनारे आहेत जिथे भरती-ओहोटीत मीटरभरही फरक पडत नाही. तिथे नाल्याचा प्रवाह पावसावर चालतो आणि ल्युअर कधी टाकायचा हे वारा ठरवतो. अशा ठिकाणी तक्त्यापेक्षा पाण्याची रेघ बघा.

गढूळ आणि निवळ पाणी जिथे भेटतं तिथे रेघ दिसते. तिच्यावर फेस, पानं, काटक्या जमलेल्या असतात. लहान मासे रेघेच्या निवळ बाजूला चरतात आणि मोठा मासा गढूळ बाजूला आडोशाने थांबतो. होडी निवळ पाण्यात ठेवून ल्युअर गढूळात फेकायचा आणि रेघ ओलांडून बाहेर आणायचा. टोला (ल्युअरवर माशाची झडप) बहुतेक वेळा रेघेपासून हातभर अंतरात बसतो. रेघ सरकत असते, दर पंधरा-वीस मिनिटांनी होडीही सरकवा.

आणखी एक गोष्ट. पावसानंतर खाडीचं पाणी अचानक काचेसारखं निळं-हिरवं दिसलं तर खूश होऊ नका. कांदळवनाच्या गाळात लोह आणि गंधक बांधलेलं असतं. तो गाळ कोरड्या मोसमात उघडा पडून हवेशी मिसळला की त्यात सल्फ्युरिक आम्ल तयार होतं आणि पहिल्या पावसात ते वाहून येतं. आम्लासोबत मातीतलं ॲल्युमिनियम विरघळतं, त्याने गढूळपणाचे कण एकत्र होऊन तळाला बसतात, म्हणून पाणी निवळ दिसतं. त्या पाण्यात मासा टिकत नाही. काळं, कुजक्या वासाचं पाणीही तसंच: कुजणाऱ्या गवताने प्राणवायू संपवलेला असतो. मासे पृष्ठभागाशी तोंड उघडून हवा घेताना दिसले तर खाडी बदला.

गळ_नवा

नाल्याच्या तोंडाशी होडी नेमकी कुठे लावायची? आणि फेक नाल्यात करायची की बाहेर?

खाडीकाठ

होडी नाल्याच्या समोर लावू नका. बाहेर येणारं पाणी तुमच्या होडीवर आदळतं, मासा तिथेच असतो आणि होडीखालून निघून जातो. नाल्याच्या खालच्या अंगाला, म्हणजे खाडीचं पाणी जिकडे वाहतं त्या बाजूला, १५ ते २० मीटरवर तिरपी लावा. इंजिन तीसेक मीटर आधीच बंद करा, पुढचं अंतर वल्ह्याने. डब्याचं झाकण आदळलं तरी उथळ पाण्यातला जिताडा सरकतो.

नाल्याचं पाणी खाडीच्या मुख्य प्रवाहाला मिळतं तिथे खालच्या अंगाला एक भोवरा तयार होतो, पाणी तिथे उलटं फिरतं. पृष्ठभागावर बारीक फेसाचं वर्तुळ सावकाश फिरताना दिसेल. प्रवाह आणि भोवरा यांच्या मधल्या शिवणीवर मासा प्रवाहाकडे तोंड करून असतो. पहिली फेक नाल्याच्या आत, दोन-तीन मीटर, आणि ल्युअर पाण्याबरोबर वाहत बाहेर येऊ द्यायचा, खरी बोई किंवा कोळंबी जशी येते तसा. दुसरी शिवणीवर. तिसरी मात्र मुद्दाम बाहेरच्या खोल काठावर, कारण मोठा मासा दाटीत शिरत नाही, मागे थांबतो.

ओढण्याचा वेग गढूळ पाण्यात कमी हवा. दोन-तीन हलके झटके, मग थांबा. तरंगणारा ल्युअर थांबल्यावर हळू वर येतो, टोला तेव्हा बसतो. दहा-बारा फेकी झाल्या आणि काहीच नाही, पण पाणी वाहतंय आणि लहान मासे उडताहेत, तर नाला सोडू नका. जागा बरोबर आहे, वेळ व्हायचाय. पाणी वाहतंय पण एकही लहान मासा नाही, तर लगेच पुढचा नाला.

नाळ

आता होडी. वाचताना कंटाळवाणं वाटेल, पण पावसाळ्यात माणसं बुडतात ती याच गोष्टींनी.

पावसाचं पाणी. साडेचार मीटर लांब आणि १.८ मीटर रुंद होडीचं उघडं क्षेत्र सुमारे ८ चौरस मीटर. तिच्यात ५० मिलिमीटर पाऊस पडला तर ४०० लीटर पाणी जमतं, म्हणजे ४०० किलो. इतका पाऊस जोराच्या सरींनी तासाभरातही पडतो. शिवाय हे पाणी एका जागी राहत नाही. होडी कलली की सगळं त्या बाजूला धावतं आणि कल वाढवतं. ऑटोमॅटिक बिल्ज पंप (होडीच्या तळातलं पाणी उपसणारा) हवाच, पण त्याची जाळी पानांनी आणि चघाळाने भरते, म्हणून बादली बांधलेली हवी. रात्री होडी पाण्यात सोडायची असेल तर बॅटरी पूर्ण भरलेली आहे का हे आधी बघा, पंप तिच्यावरच आहे.

नांगर नेहमी नाळेवरून, म्हणजे होडीच्या पुढच्या टोकावरून. मागून कधीही नाही. प्रवाहात मागून नांगर टाकला की इंजिनाच्या वजनाने आधीच खाली असलेली मागची कड आणखी दबते आणि पाणी आत चढतं. दोरीचं गणित: खोली ३ मीटर, नाळेची पाण्यापासून उंची ०.७, अजून चढणारी भरती २ मीटर, बेरीज ५.७. तिच्या पाचपट म्हणजे सुमारे २८ मीटर दोरी, पुढे दोन-तीन मीटर साखळी. ओढ जोराची असेल तर सातपट.

कांदळवनाजवळ नांगर मुळांत किंवा बुडालेल्या ओंडक्यात हमखास अडकतो. साखळी नांगराच्या डोक्याकडच्या टोकाला शॅकलने (पिन लावून बंद होणाऱ्या धातूच्या कडीने) जोडा आणि दांड्यावरून आणून वरच्या कडीला प्लास्टिकच्या केबल टायने बांधा. अडकला की होडीने जोराने ओढायचं, टाय तुटतो आणि नांगर उलटा निघतो. टायची ताकद होडीच्या मानाने निवडा, फार बारीक टाय प्रवाहातच तुटतो. नाळेजवळ धारदार सुरी बांधून ठेवा. वरून ओंडका येऊन दोरीवर बसला तर नांगराचा मोह धरायचा नाही, दोरी कापायची.

झाडाला होडी बांधताना आखूड बांधू नका. पाणी मीटरभर उतरलं की नाळ फांदीला लटकते आणि मागची बाजू बुडते.

तरंगणारे ओंडके हा या मोसमाचा मोठा धोका. पुष्कळसे पाण्याच्या रेषेत असतात, वर जेमतेम चार बोटं दिसतात. गढूळ पाण्यात आणि पावसात होडी सावकाश चालवा. इंजिनाचा किल-स्विच दोर (माणूस पडला की इंजिन बंद करणारा) हाताला किंवा लाइफ जॅकेटला अडकवलेलाच हवा.

इंधनाचे तीन भाग करा: एक जाण्याला, एक येण्याला, एक राखीव. लोंढ्याविरुद्ध परतताना जाण्याच्या हिशोबाने निघत नाही. दमट हवेत अर्ध्या रिकाम्या टाकीत पाणी साचतं, म्हणून टाकी भरलेली ठेवा आणि पाणी वेगळं करणारा फिल्टर बसवा. त्याची वाटी निघण्याआधी उजेडात धरून बघा. तळाला वेगळा थर दिसला तर ओतून टाका.

गळ_नवा

मासे शेवटच्या ओहोटीला, असं वर ठरलं. पण मुखाची वाळूची दांडी ओहोटीलाच सर्वांत वाईट असते ना? मग परत कसं यायचं?

नाळ

बरोबर. हे दोन्ही एकमेकांच्या विरुद्धच आहेत आणि सहलीचा आराखडा यावरच करावा लागतो.

बाहेरून येणारी लाट आणि आतून जाणारी ओहोटी समोरासमोर आली की लाटेची लांबी आखडते आणि उंची वाढते. लाट उभी होते आणि उथळ दांडीवर फुटते. लोंढा असेल तर ओहोटी आणखी जोराची आणि लांबलेली. भरती लागल्यावरही, वर भांगउधाण यांनी लिहिलंय तसं, वरचं पाणी बाहेरच धावत राहतं, म्हणून दांडी तक्त्याप्रमाणे शांत होत नाही. आणि लोंढ्याने वाळू हलते. मागच्या वर्षीची वाट या वर्षी तिथे असेल असं धरू नका.

म्हणून माझं मत स्पष्ट आहे: लोंढा चालू असताना शेवटची ओहोटी मुखाच्या आतच मारा. आतले नाले पुरेसे आहेत. रेघ बाहेर, समुद्रात असेल आणि तिथेच जायचं असेल, तर भरतीच्या शेवटच्या तासात दांडी ओलांडून बाहेर जा आणि पुढच्या भरतीचे शेवटचे दोन तास येईपर्यंत बाहेर थांबण्याची तयारी ठेवा. म्हणजे साधारण बारा तास. उघड्या लहान होडीला पावसाळ्यात बारा तास बाहेर, हे बहुतेक दिवशी योग्य नाही.

ओलांडायचीच वेळ आली तर आधी लांबून दहा मिनिटं बघा. लाटांचे गट येतात, मध्ये शांत अवधी असतो, तो मोजा. लाइफ जॅकेट दांडीपाशी पोहोचण्याआधी घातलेली. सुटं सामान बांधलेलं, माणसं खाली बसलेली. आत येताना एका लाटेच्या पाठीवर राहा, तिच्या माथ्यापुढे जाऊ नका आणि मागचीला गाठू देऊ नका. मध्यावर आल्यावर वळायचा विचार करू नका, होडी आडवी झाली की पुढची लाट ती उलटवते. व्हीएचएफ (होडीवरचा रेडिओ) असेल तर चॅनल १६, म्हणजे मदतीच्या हाकेचा, लावलेला.

भांगउधाण

विजेचं राहिलं. चमक दिसल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंत सेकंद मोजा. आवाजाला एक किलोमीटर यायला सुमारे तीन सेकंद लागतात. ३० सेकंदांच्या आत आवाज आला तर वीज १० किलोमीटरच्या आत आहे, गुंडाळायला लागा. शेवटच्या गडगडाटानंतर ३० मिनिटं गेल्याशिवाय पुन्हा सुरू नाही. कार्बन फायबरचा रॉड वीज वाहून नेतो, तो आडवा ठेवा. किनारा गाठता येत नसेल तर होडीत मध्यभागी खाली बसा, धातूला आणि पाण्याला हात लावू नका. वाऱ्याची दिशा अचानक फिरून गार झोत आला तर वादळी सर जवळ आहे. तो झोत पावसाच्या काही मिनिटं आधी येतो, तेवढ्यात नाळ वाऱ्याकडे करून घ्या.

तंगूस

सामान थोडक्यात, पण नेमकं.

रॉड १.८ ते २ मीटर, मध्यम-जड. रील ३००० ते ४००० आकाराचं. ३० पौंडी ब्रेड (विणलेली दोरी), पुढे ५० ते ६० पौंडी मोनोफिलामेंट लीडर (गळाआधीचा एकपदरी दोरीचा तुकडा), लांबी ६० सेंमी ते एक मीटर. जोडाला एफजी गाठ सर्वांत चांगली, गाइडमधून (रॉडवरच्या कड्यांतून) अडथळा न होता जाते. ओल्या हातांनी ती जमत नसेल तर दुहेरी युनी. गाठ ओढण्याआधी ओली करा, कोरडी ओढली की घर्षणाने मोनो कमजोर होतो.

लीडर जाड का? जिताड्याच्या कल्ल्याच्या झाकणाची कड पात्यासारखी धारदार असते आणि तोंड खरखरीत. डोकं झटकताना दोरी त्या कडेवरून गेली की ३० पौंडी ब्रेड एका झटक्यात तुटतो. प्रत्येक माशानंतर लीडरवरून नखं फिरवा. खरबरीत लागलं की तेवढा तुकडा कापा आणि नव्याने बांधा, कितीही घाई असली तरी.

ड्रॅग (किती ताणावर रील दोरी सोडेल ते) अंदाजाने लावू नका. ३० पौंड म्हणजे १३.६ किलो, त्याचा २५ ते ३० टक्के भाग म्हणजे साडेतीन ते चार किलो. दोरी ताणकाट्याला अडकवून रॉड वाकवून मोजा. तांब माशासाठी थोडा वाढवा. तो गळ लागल्यापासून पहिल्या दोन मीटरमध्येच मुळांत शिरतो आणि तिथे दोरी सोडून चालत नाही.

ल्युअर: १० ते १२ सेंमीचा तरंगणारा मिनो (लहान माशाच्या आकाराचा), दीड-दोन मीटर खोल जाणारा. सोबत चार इंची रबरी मासा, ७ ते १० ग्रॅमच्या जिगहेडवर (डोक्याशी वजन असलेल्या गळावर), झाडोऱ्यात गळ झाकलेला. गढूळ पाण्यात काळा किंवा सोनेरी, आत खडखडणाऱ्या गोळ्यांचा. काळा का, तर खालून बघणाऱ्या माशाला वरच्या उजेडावर आकार स्पष्ट दिसतो. सोबत आलेले त्रिशूळ गळ आणि कड्या बहुतेक वेळा बारीक असतात, त्या बदलून जाड घ्या.

जिताडा उडी मारतो तेव्हा रॉडचं टोक खाली आणि बाजूला न्या, दोरी ताठ ठेवून. टोक वर राहिलं की त्याचं डोकं हवेत मोकळं होतं आणि ल्युअर भिरकावला जातो.

पाग

जिवंत आमिषाबद्दल कुणी लिहिलं नाही. पागाने (फेकजाळ्याने) धरलेली १० ते १५ सेंमीची बोई ल्युअरपेक्षा सरस ठरते, विशेषतः पाणी इतकं गढूळ असतं की हात बुडवला तर बोटं दिसत नाहीत तेव्हा. ६/० ते ८/० मापाचा सर्कल गळ (टोक आत वळलेला). ओढ असेल तर वरच्या ओठातून, स्थिर पाण्यात पाठीच्या पराच्या पुढे, कण्याला न लागता. गळाचं टोक उघडं राहिलं पाहिजे. शिसं गोल, दोरीवर सरकणारं, २० ते ६० ग्रॅम. तळाला जेमतेम टेकेल इतकंच. सर्कल गळाला झटका देत नाहीत. मासा चालायला लागला की रील सावकाश फिरवून दोरी ताठ करा, गळ स्वतःहून जबड्याच्या कोपऱ्यात बसतो. झटका दिलात तर तोंडातून निघून येतो.

कोळंबीला गळ शिंगाखालून, डोक्यातल्या काळ्या डागाला न लागता. डागाला लागली की मेली.

आमिष मरतं ते क्षार एकदम कमी झाल्यामुळे. डब्याचा पंप पृष्ठभागाचं पाणी ओढतो आणि पावसाळ्यात वर गोडं पाणी असतं. मुखाशी खाऱ्या पाण्यात धरलेली कोळंबी त्या गोड्या पाण्यात फार टिकत नाही. तेव्हा जिथे आमिष धरलं तिथलंच पाणी डब्यात भरा, पंप बंद करून फक्त हवेचा पंप चालवा आणि पावसात झाकण लावा. पाणी बदलायचंच तर एका वेळी चौथा भाग. बोई गोड्या पाण्याला बरीच सोसते, पण दाटीला नाही.

निळीलाट

आरोग्याचं वेगळं लिहिते, कारण कोमट, निमखारं पाणी जंतूंना मानवतं.

व्हिब्रिओ व्हल्निफिकस नावाचा जीवाणू अशाच पाण्यात वाढतो आणि जखमेतून शिरतो. परांचे काटे, कल्ल्याची कड, गळ, कालवांचे शिंपले, कशानेही झालेली खरचट लगेच पिण्याच्या पाण्याने आणि साबणाने धुवा. जखमेभोवती लाली झपाट्याने पसरली, तीव्र दुखलं, फोड आले किंवा ताप चढला तर सकाळची वाट बघू नका, त्याच तासाला रुग्णालय. खाडीच्या पाण्यात जखम झाली हे डॉक्टरांना आवर्जून सांगा. यकृताचा आजार, मधुमेह किंवा प्रतिकारशक्ती कमी असलेल्यांनी उघडी जखम घेऊन या पाण्यात उतरूच नये. चिखलातून मेलिऑयडोसिस आणि साचलेल्या पाण्यातून लेप्टोस्पायरोसिस होऊ शकतो, दोन्ही पावसात वाढतात. चिखलात अनवाणी नको.

शिंगाळा माशाचा काटा लागला तर तुकडा उरला नाही ना बघून ती जागा सोसवेल इतक्या गरम पाण्यात ३० ते ९० मिनिटं ठेवा. पाणी ४५ अंशांच्या वर नको. दुखणाऱ्या हाताला चटका कळत नाही, म्हणून दुसऱ्या हाताने तपासा. थर्मासमध्ये गरम पाणी असावं ते यासाठी.

जिथे खाऱ्या पाण्यातल्या मगरी आहेत तिथे पूर आला की त्या एरवी नसतात अशा नाल्यांतही शिरतात. काठावर मासे साफ करणं, गुडघाभर पाण्यात उभं राहून ल्युअर सोडवणं बंद. अडकलेला ल्युअर गेला तर गेला.

खाडीकाठ

नियमांचं. पावसाळा अनेक माशांचा विणीचा काळ असतो आणि बऱ्याच ठिकाणी त्यासाठी बंदी असते. भारताच्या पश्चिम किनाऱ्यावर यांत्रिक नौकांसाठी १ जून ते ३१ जुलै, पूर्व किनाऱ्यावर १५ एप्रिल ते १४ जून. ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलंडच्या पूर्व किनाऱ्यावर जिताडा १ नोव्हेंबर ते १ फेब्रुवारी बंद, आणि एरवीही ५८ सेंमीपेक्षा लहान किंवा १२० सेंमीपेक्षा मोठा ठेवता येत नाही. तुमच्या खाडीचा नियम निघण्याआधी तपासा, खाडीगणिक तो बदलतो.

मोठा मासा सोडायचं कारण जिताड्यात जास्त ठळक आहे. तो आधी नर असतो आणि साधारण ८० ते १०० सेंमीच्या दरम्यान मादी होतो. म्हणजे सर्वांत मोठे मासे जवळपास सगळे मादी, आणि लाखो अंडी तेच घालतात. मीटरभर लांबीचा मासा ठेवला तर विणीची मादीच गेली. मी तरी ८० सेंमीच्या वरचा कुणी ठेवू नये असं आग्रहाने म्हणेन.

सोडताना हात ओले, मासा आडवा, एक हात पोटाखाली. जबड्याला धरून उभा लटकवू नका, मोठ्या माशाच्या कण्यावर आणि आतड्यांवर ताण येतो. तोंड प्रवाहाकडे करून धरा, शेपटी स्वतः जोराने मारेपर्यंत. मागे-पुढे ढकलू नका, कल्ल्यात पाणी उलटं जातं. काळ्या, कुजक्या पाण्याच्या कडेला धरलेला मासा तिथेच सोडू नका, होडी वाहत्या पाण्यात नेऊन सोडा.

गळ_नवा

ठेवायच्या माशाला बर्फ किती? उन्हाची तिरीप आली की पेटी तापते.

पाग

माशाच्या वजनाइतका तरी बर्फ, आणि वितळण्यासाठी वेगळा धरा. दोन भाग बारीक बर्फ आणि एक भाग स्वच्छ खारं पाणी असा लगदा केला की मासा सगळ्या बाजूंनी गार होतो. नुसते मोठे तुकडे टाकले तर मध्ये हवा राहते. आधी कल्ल्याखालची शीर कापून बादलीत रक्त जाऊ द्या, मग लगद्यात. लगद्यासाठी लोंढ्याचं गढूळ पाणी वापरू नका, खारं पाणी घरून कॅनमध्ये न्या: लीटरला ३५ ग्रॅम मीठ. मोठा तुकडा तळाला वेगळा ठेवा, तो सावकाश वितळतो आणि परतेपर्यंत पुरतो.

नाळ

परतल्यावर इंजिन. गाळाच्या पाण्यात चाललेल्या आउटबोर्डच्या कूलिंग पंपाचा रबरी इंपेलर (पाणी ढकलणारं पात्यांचं चाक) लवकर झिजतो. चालताना मागून पडणाऱ्या पाण्याच्या धारेवर डोळा ठेवा. ती बारीक झाली किंवा थांबली तर ताबडतोब बंद करून पाणी घेण्याच्या जाळीत पिशवी किंवा गवत अडकलंय का बघा. जाळी साफ असूनही धार बारीकच, तर बारीक तारेने धारेचं छिद्र मोकळं करा. त्यानेही नाही झालं तर इंपेलर गेला, तेव्हा इंजिन चालवू नका, वल्हं किंवा मदत.

किनाऱ्यावर गोड्या पाण्याने दहा मिनिटं धुवा, इंजिन कमी वेगात चालू ठेवून. पावसाळ्यात मुखाशी गोडंच पाणी होतं म्हणून हे टाळू नका, आत अडकतो तो गाळ, आणि तो वाळला की पाण्याच्या वाटा बुजवतो. गिअरचं तेल बघा. दुधाळ दिसलं तर प्रोपेलरच्या सीलमधून पाणी शिरलंय, बहुतेक वेळा दांड्याला दोरी गुंडाळली जाऊन सील कापलेलं असतं. प्रोपेलर काढून दोरी काढा, सील बदला, तेल नवीन भरा, मगच पुढची खेप.